आर्को बसला म्हणजे बसला

मित्रांनो, माझं नाव आर्को. सरकारी चाकरीत म्हातारा झालेला, काळा, डाव्या कानाला खाच पडलेला मी एक पोलिसी कुत्रा आहे. वय अकरा, म्हणजे तुमच्या हिशेबानं आजोबाच म्हणा. मला कुणी कधी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. उलट माझ्या नावावर दोन पदकं आहेत. तरीही माझा जन्म अडकून पडण्यात गेला, आणि मला अडकवलं ते माझ्याच नाकानं. कसं ते सांगतो. फक्त मध्येच कुणी बिस्किट दाखवू नका, नाहीतर गोष्ट राहील बाजूला.

स्वित्झर्लंडातल्या एमेनटालच्या डोंगरउतारावरच्या एका गोठ्यात आम्ही सात भावंडं जन्मलो. सरपणाच्या ढिगात लपवलेला चेंडू मी एकट्यानं शोधून काढला, म्हणून माझी पोलिसांत निवड झाली. मग शाळा. दहा डबे ओळीनं मांडलेले असायचे. एकात भांगेचा पाला, बाकी नऊ रिकामे. त्या वासापाशी आलं की भुंकायचं नाही, ओरबाडायचं नाही, फक्त ताठ बसायचं. बसलं की आकाशातून एक दोरीचा गुंडा यायचा आणि खेळायला मिळायचं. बस्स, एवढीच माझी विद्या. पण ती माझ्या हाडांत मुरली. त्या दोरीसाठी मी प्राणही दिला असता.

मला हाताळायचा तो हवालदार बेनी श्टुकी. उंच, हळू बोलणारा आणि स्वभावानं अगदी गाय. पण पक्का कागदाचा माणूस! चौकीतला नळ गळला तरी आधी नोंद करायचा, मग पाना शोधायचा. राहायला तिसऱ्या मजल्यावर भाड्याच्या घरात, आणि त्या इमारतीचे नियम असे की रविवारी कपडे धुवायचे नाहीत, रात्री दहानंतर आंघोळ करायची नाही, कुत्रा पाळायचा नाही. त्यामुळे मी चौकीच्या मागच्या पिंजऱ्यात राहायचो. चार पावलं लांब, दोन पावलं रुंद. कामाचे दिवस होते तोवर तो पिंजरा मला कधी टोचला नाही. झोपायला जागा लागतेच ना?

सहा वर्षं मी गाजवली. गाडीच्या जादा टायरमधला माल काढला, पिठाच्या डब्यातला काढला. एका बहाद्दरानं तर चीजचं भलंमोठं चाक पोखरून आत पुडकी भरली होती. त्याला वाटलं, चीजच्या वासापुढं कुत्र्याची काय मजाल! मी त्या चाकापुढं असा बसलो की छायाचित्रकार येईपर्यंत हललो नाही. पेपरात फोटो आला. शाळेतली मुलं रांग लावून माझ्या डोक्यावरून हात फिरवून गेली. बेनी सगळ्यांना सांगायचा, "आर्को बसला म्हणजे बसला. त्यात चूक नाही." हे ऐकताना माझी छाती फुगायची, खोटं कशाला बोलू?

मग एक विचित्र वर्ष उजाडलं. आमच्या स्वित्झर्लंडात कायदा असा की भांगेत नशेचं द्रव्य शेकडा एकाच्या खाली असेल, तर ती अमली पदार्थ नाही. कायदा होऊन काही वर्षं झाली होती, पण लोकांच्या ते उशिरा ध्यानात आलं. नशा नसलेल्या भांगेतही सीबीडी नावाचं एक द्रव्य असतं, त्यानं झोप लागते, दुखणं कमी होतं असं म्हणतात. झालं! जो तो भांग लावायला धावला. दाताचा डॉक्टर, व्यायामाचा मास्तर, फुलवाला, सगळ्यांना एकदम शेतीचं प्रेम उतू आलं. स्टेशनवरच्या टपरीत वर्तमानपत्रांशेजारी बिननशेच्या भांगेच्या सिगारेटी दिसू लागल्या, तंबाखूसारखा कर भरून, राजरोस.

आता मला सांगा, मित्रांनो, झाड तेच, पान तेच, वास तोच. नशा शेकडा किती हे नाकाला कसं कळावं? मी टपरीपुढं बसलो. टपरीवालीनं बाहेर वाकून पाहिलं आणि हसून लोटपोट झाली.

"काय हवालदार, तुमच्या कुत्र्याला एक पाकीट देऊ का? सुट्टे आहेत का त्याच्याकडं?"

बेनीचे कान लाल झाले. त्यानं मला दोरी दिली, पण फेकली नाही, नुसती तोंडापुढं धरली. त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं, आपलं काहीतरी चुकतंय. काय ते मात्र कळेना.

आणि मग लिसबेथ एशलिमान आली.

लिसबेथ ही मोस नावाच्या वस्तीवरची शेतकरीण. पन्नाशीची, रुंद खांद्यांची, बोलणं मोजकं. दुधाला भाव राहिला नव्हता, म्हणून तिनं अकराच्या अकरा गाई विकल्या होत्या आणि त्या पैशांतून बिननशेची भांग लावली होती. तो तिचा पहिलाच माल. चौदा पोती ट्रॉलीवर लादून ती व्यापाऱ्याकडं निघाली होती. ट्रॅक्टरवर तिचा भाऊ फ्रिदू बसला होता. वाटेत तिला कुणी अडवलं नव्हतं, बोलावलं नव्हतं. ती आपण होऊन चौकीच्या दाराशी आली.

"नमस्कार साहेब," ती म्हणाली. "पोत्यांत बिननशेची भांग आहे. हा बियाण्याचा दाखला, हा शेताचा नकाशा. म्हटलं, वास येतोय, लोक काहीबाही बोलतील. त्यापेक्षा आपणच दाखवून जावं."

"मी म्हणत होतो, सरळ जाऊ," फ्रिदू ट्रॅक्टरवरूनच कुरकुरला. "लांडग्याच्या दारात जाऊन 'मी शेळी आहे हो' असं कोण सांगतं?"

"आपल्याकडं लपवण्यासारखं काही आहे का? नाही ना? मग गप बस."

बेनीनं कागद दोनदा वाचले. सगळं चोख होतं. तो "या आता" म्हणणार, एवढ्यात मी कोपऱ्यावरून आलो; माझी फिरायला जायची वेळ झाली होती आणि पिंजऱ्याचं दार उघडं होतं. चौदा पोती! जन्मात एवढा वास एका जागी मिळाला नव्हता. मी बसलो. शेपूट सुद्धा सरळ केली. बेनीचा हात आपोआप खिशात गेला आणि दोरी माझ्यापुढं पडली. मी ती झेलली आणि आनंदानं झटकू लागलो. 

"कागद बरोबर आहेत, बाई," बेनी म्हणाला. "पण कुत्रा बसला. कुत्रा बसला म्हणजे नोंद आली. नोंद आली म्हणजे नमुना प्रयोगशाळेत जाणार. तोवर माल सीलबंद."

"अहो, पण कुत्रा बसला हे लिहिलंच नाही तर?" फ्रिदूनं विचारलं.

बेनी आणि लिसबेथ दोघांनीही त्याच्याकडं असं पाहिलं की जणू तो चर्चमध्ये थुंकला.

"बसलाय तर लिहायलाच हवं," लिसबेथ म्हणाली. आणि तिनं स्वतःच्या हातानं पोती उतरवायला सुरुवात केली.

असली माणसं ही! सचोटीनं सचोटीला गाठलं आणि दोघींनी मिळून माल कोंडला.

पोती ठेवली माझ्या पिंजऱ्याला लागून असलेल्या जुन्या बॉयलरच्या खोलीत. तिथं हवा नाही, उलट भिंत कायम कोमट. त्या वर्षी साऱ्या देशातून नमुने येत होते, प्रयोगशाळेला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. आठवडा गेला, दोन गेले. तिसऱ्या आठवड्यात भिंतीतून येणारा वास बदलला. आधी गोडसर होता, मग ओलसर झाला, मग त्यात बुरशी आली. मला कळत होतं, मित्रांनो! बाईचं अख्खं वर्ष भिंतीपलीकडं कुजत होतं आणि ते फक्त मलाच कळत होतं. पण सांगू कसं? मला एकच शब्द शिकवला होता, बसणं. मी भिंतीकडं तोंड करून बसलो. बेनी जेवण घेऊन आला, त्यानं पाहिलं.

"शाब्बास, राजा," तो म्हणाला. "माहितीये मला, तिथं आहे ते."

मी बसूनच राहिलो. तो निघून गेला.

सहा आठवड्यांनी अहवाल आला. नशेचं द्रव्य शेकडा शून्य पूर्णांक सहा. माल कायदेशीर. सोबत अत्यंत नम्र भाषेतलं पत्र. लिसबेथ आली, तिनं सील तोडू दिलं, एका पोत्यात हात घातला आणि बाहेर काढून नाकाशी नेला. मग पोतं पुन्हा बांधलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं दोन ठिकाणी सही केली, "येते" म्हणाली आणि गेली. त्या दिवशी बेनीनं जेवणाचा डबा उघडलाच नाही.

त्यानंतर पोलिसांकडं एक झटपट चाचणी आली. चिमूटभर पाला नळीत घातला की रंग उमटतो. लाल झाला तर जाऊ द्या, निळा झाला तर थांबवा. दहा मिनिटांचं काम. मग मला कोण विचारणार? तरी मला पुन्हा शाळेत पाठवलं, शिकलेलं विसरायला. तेच दहा डबे. मी वासापाशी बसायचो आणि काहीच व्हायचं नाही. दोरी नाही, शब्द नाही. मला वाटायचं, आपण नीट बसलो नाही. मग मी आणखी ताठ बसायचो. मान आणखी उंच करायचो. एकदा मी पाऊण तास तसाच बसलो होतो. शिकवणारी बाई डोळे पुसत बाहेर गेली आणि म्हणाली, "नाही जमायचं. याला आता सोडा."

सोडा म्हणजे काय, तर निवृत्त करा. माझ्या जागी बेला नावाची कुत्री आली. तिला सगळे वास शिकवले, भांगेचा सोडून. हुशार आहे पोर, माझा तिच्यावर राग नाही.

माझ्यासाठी घर शोधायला लागले. पहिलं घर शिक्षकाचं होतं. मी आत गेलो आणि थेट त्यांच्या थोरल्या मुलाच्या कपाटापुढं बसलो. आईनं मुलाकडं पाहिलं, मुलानं छताकडं. संध्याकाळी मी परत पिंजऱ्यात. दुसरं घर एका आजीबाईंचं. त्या गुडघ्यांना भांगेचं मलम लावायच्या. मी त्यांच्या गुडघ्यांपुढं बसलो आणि त्या जिकडं जातील तिकडं जाऊन पुन्हा बसलो. तिसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "मला गुन्हेगार असल्यासारखं वाटतं हो!" पुन्हा पिंजरा. मग कुणी आलं नाही.

नऊ महिने, मित्रांनो. चार पावलं इकडं, चार पावलं तिकडं. बेलाला बाहेर नेताना तिच्या गळ्यातली साखळी वाजायची, तेव्हा मी अजूनही उठून दाराशी जायचो. बेनी माझ्याकडं न बघता म्हणायचा, "तू नाही रे." हळूहळू मी उठणं सोडलं. पिंजरा म्हणजे नुसत्या जाळ्या नव्हेत. आपल्याकडून कुणाला काही नको असतं, तो खरा पिंजरा.

पोती कुजली त्याला दीड वर्ष होत आलं, तेव्हा वसंतात लिसबेथ पुन्हा चौकीत आली. यंदा कुठल्या शेतात भांग लावणार ते आधीच कळवायला! एवढं होऊनही बाईची खोड गेली नव्हती. सही करताना तिची नजर खिडकीतून माझ्याकडं गेली.

"हाच ना तो?"

"हाच," बेनी म्हणाला. त्याचे कान पुन्हा लाल झाले.

"माझी पोती सहा आठवडे कोंडली होती. हा किती दिवस आहे आत?"

"नऊ महिने होतील."

"आणि याचा अहवाल काय आला?"

बेनीला आधी कळलंच नाही. मग तो हळूच म्हणाला, "हा बरोबरच होता, बाई. त्यानं भांग आहे म्हणून सांगितलं, आणि भांगच होती."

"मग? मी नेते याला."

बेनीनं पेन खाली ठेवलं. त्यानं एवढंच बजावलं, "तुमच्याकडं अख्खं शेत आहे. हा झाडाझाडापुढं बसेल हो."

"बसू दे. माझा भाऊही बसूनच असतो. सही कुठं करायची?"

असा मी मोसवर आलो. पहिले तीन महिने तर स्वर्गच! रोपं कोवळी होती, त्यांना वास नव्हता. मी ओढ्यात डुंबलो, कोंबड्या पळवल्या, रविवारी वेणीसारख्या गुंफलेल्या पावाचे तुकडे खाल्ले. लिसबेथ माझ्याशी फार बोलायची नाही, पण दाराशी माझं पाणी कधी शिळं नसायचं. रस्त्याकडेला तिनं एक लहान मांडव टाकला होता, तिथं ती गेल्या वर्षीच्या उरल्यासुरल्या चांगल्या पाल्याचं मलम आणि तेल विकायची. या मालानं कुठलं दुखणं बरं होतं असं सांगायला कायद्यानं बंदी. त्यामुळे तिथं रोज एकच संवाद चालायचा.

"लिसबेथ, हे पाठीला चालतं का गं?"

"मला बोलायची परवानगी नाही."

"म्हणजे चालतं! दे दोन डब्या."

"मी काही म्हटलेलं नाही हं."

"तेच तर. तू एरवीही काही म्हणत नाहीस."

त्या मलमाच्या वासानं मी मांडवापुढं मात्र ताठ बसून असायचो. लोकांना वाटायचं मला जाहिरातीसाठी ठेवलंय. मी मनात म्हणायचो, हसा लेको, माझं पाणी प्यायचं राहिलंय.

ऑगस्टात शेताला फुलं आली आणि वास उसळला. घराच्या भिंतीपासून ओढ्यापर्यंत नुसता वास! मी पहिल्या झाडापुढं बसलो. फ्रिदूला माझी कीव आली. त्यानं दोरी फेकली, मी खेळलो आणि दुसऱ्या झाडापुढं बसलो. त्यानं पुन्हा फेकली.

"अगं ए लिसबेथ," तो ओरडला, "बारा झाली. अजून दोन हजार नऊशे राहिली!"

तो हसला, पण मला हसू येत नव्हतं. आता जाळ्या नव्हत्या, कुलूप नव्हतं, चहूकडं डोंगर मोकळे होते. आणि मला उठता येत नव्हतं. सगळीकडून एकच हुकूम येत होता: बस, बस, बस. चौकीतल्या पिंजऱ्याला निदान चार भिंती होत्या, त्यांच्यापलीकडं काहीतरी होतं. इथं पलीकडं काही नव्हतंच.

एका कडक उन्हाच्या दिवशी भाऊबहीण दोघं वरच्या कुरणात गवत कापायला गेली होती. मी सकाळी बांधावर बसलो. पाण्याचं भांडं वीस पावलांवर दिसत होतं. ऊन डोक्यावर आलं, जीभ कोरडी पडली, पाय थरथरू लागले. उठ, मी स्वतःला म्हणत होतो, उठ लेका, मरशील! पण हाडं ऐकेनात. दोरी येईल, आता येईल, असं म्हणता म्हणता मी कलंडलो.

डोळे उघडले तेव्हा अंधार होता आणि गारवा. लिसबेथनं मला उचलून चीजच्या तळघरात नेलं होतं. तिथं खारट दगडांचा वास, भांगेचा लवलेश नाही. जनावरांचा डॉक्टर म्हणाला, अजून अर्धा तास झाला असता तर गेलाच होता. लिसबेथ माझ्या पायांवर ओला टॉवेल धरून बसली होती.

"सगळ्यांनी मिळून तुला बसवलं," ती म्हणाली. "आणि उठवायला कुणी शिकलं नाही."

कापणी होईपर्यंत मी त्याच तळघरात कोंडलेला राहिलो. दुसरा इलाज नव्हता. ती रोज संध्याकाळी कपडे बदलून, हात साबणानं घासून खाली यायची. तरी बोटांना वास असायचाच. मी बसायचो. ती तोंड फिरवायची. एकदा ती रडताना मी पाहिलं. गाई विकल्या त्या दिवशीही ती रडली नव्हती, असं फ्रिदू सांगतो.

माल विकला गेला, पण निम्म्या भावानं. साऱ्यांनीच भांग लावल्यावर दुसरं काय होणार? दाताचा डॉक्टर परत दाताकडं वळला. हिवाळ्यात भाऊबहीण जेवणाच्या टेबलाशी शेताचा नकाशा घेऊन बसली.

"भाव निम्मा, तर दुप्पट लावायला हवं," फ्रिदू म्हणाला. "नाहीतर वर्ष निघायचं नाही."

"घराजवळच्या सगळ्या तुकड्यात बटाटे लावायचे. भांग फक्त वर, रानापलीकडं."

"बटाटे! शुद्धीवर आहेस ना? भांगेच्या पावपटही पैसा यायचा नाही त्यातून."

"मला बटाटे आवडतात."

"तुला? लहानपणापासून तू बटाट्याचं ताट माझ्याकडं सरकवत आलीस!"

लिसबेथनं पेन्सिलीनं घराजवळच्या तुकड्यावर 'बटाटे' असं ठळक लिहिलं. फ्रिदूनं माझ्याकडं पाहिलं, मग तिच्याकडं, आणि नकाशा गुंडाळून ठेवला. ती गावात सांगते, भांगेला भाव राहिला नाही म्हणून बटाटे लावले. लोकांना ते पटतं. या वर्षी आमच्या घराचं गळकं छत तसंच राहिलंय.

मित्रांनो, मी थकलोय, आता फार बोलत नाही. तुम्ही मोठे व्हाल, कायदे कराल, बदलाल. जरूर बदला. पण कायदा एका सहीनं बदलतो, आमची हाडं तशी बदलत नाहीत. कालपर्यंत ज्याला शाब्बास म्हणून बसवलं, त्याला आज नुसतं बसलेलं सोडून जाऊ नका. कुणालाही काही शिकवाल, तेव्हा त्यातून त्याला सोडवायचं कसं, तेही आधी शिकून घ्या.

आता ऑगस्टच चालू आहे. बटाट्याच्या सरींतून मी चारी पायांवर हिंडतो. मातीचा वास येतो, गांडुळांचा येतो, त्यात मला कुणी काही करायला सांगत नाही. मात्र कधीकधी दुपारी वारा रानापलीकडून खाली येतो. मग मी आहे तिथं बसतो. अजूनही ताठच. लिसबेथ हातातलं खुरपं ठेवते आणि माझ्याशेजारी सरीत बसते.

"आता काय झालं?" फ्रिदू ओट्यावरून ओरडतो. "कामं पडलीत!"

"वारा आहे," ती म्हणते.

आणि वारा फिरेपर्यंत आम्ही दोघंही उठत नाही.